मांडवगडची गोरखचिंच आणि बीजातील खुणा

धार-देवासकडे वाढलेल्या मराठी मुलांस मांडवगडची सहल नवी नाही. जहाजमहाल, हिंदोळा महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर आणि रूपमतीच्या मंडपातून दूर खाली दिसणारे निमाडचे मैदान ही सर्व स्थळे पाहून मुले परत येतात, त्यांवर निबंध लिहितात आणि पुढे विसरूनही जातात. परंतु एका सहलीत एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आम्हांस मात्र विसरता आला नाही. रस्त्याच्या कडेला एक भिल्ल आजीबाई टोपलीत मोठमोठी, मखमली लव असलेली फळे मांडून बसल्या होत्या. मुलांनी एक फळ विकत घेतले, दगडावर फोडले आणि आतील पांढरा आंबट गर चाखून तोंडे वेडीवाकडी केली. मागेच ते झाड उभे होते. दहा मुलांनी हातांत हात घालून त्याच्या बुंध्याभोवती कडे केले, तरी कडे पुरे होईना. तेव्हा तो विद्यार्थी म्हणाला, "सर, हे झाड इथलेच, की कुणी बाहेरून आणले?"

आम्ही त्यास तेथल्या तेथे उत्तर दिले ते ऐकीव होते. पुढे त्याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा त्या एका प्रश्नामागे केवढे शास्त्र उभे आहे आणि त्या शास्त्राचा आपल्या शेतातील तुरीशी, सोयाबीनशी व गव्हाशी किती निकटचा संबंध आहे, हे आमच्या ध्यानी आले. तोच शोध या लेखात विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहो.

प्रथम त्या वृक्षाची ओळख करून घेऊ. मराठीत यास गोरखचिंच म्हणतात. गोरखनाथांनी याच्या छायेत शिष्यांस उपदेश केला, अशी आख्यायिका आहे. मांडवगडास याचे नाव खुरासानी इमली. वस्तुतः खुरासान हा इराणकडील प्रांत, आणि तेथे हा वृक्ष स्वाभाविकपणे उगवत नाही. शिवाय चिंचेशीही याचे नाते नाही. केवळ गर आंबट म्हणून ते नाव पडले. शास्त्रीय भाषेत हा ॲडान्सोनिया डिजिटाटा. मिशेल ॲडान्सन हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७४९ साली आफ्रिकेतील सेनेगल देशात गेला होता. त्याच्या नावावरून हे नाव ठेविले गेले. वर्षातील बराच काळ हा वृक्ष निष्पर्ण असतो, आणि तेव्हा कोणी झाड उपटून मुळे वर करून पुरले असावे, असे वाटते. खोडाचे लाकूड सच्छिद्र असून त्यात पाण्याचा साठा राहतो. पांढरी लोंबती फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागण करितात. या कुळात जगात एकंदर आठ जाती आहेत. पैकी सहा मादागास्कर बेटावर, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक ऑस्ट्रेलियात. भारतात रानात आपोआप उत्पन्न झालेली अशी एकही नाही.

तेव्हा वृक्ष परदेशचा, एवढे तरी निश्चित. परंतु तो केव्हा आला, कोठून आला आणि कोणी आणिला? मांडवगडच्या सुलतानांस तो परदेशातून भेट म्हणून आला, असे तेथील लोक सांगतात. माळव्याचे स्वतंत्र सुलतान पंधराव्या शतकातील. होशंगशहाने धारहून राजधानी मांडवगडास हलविली. पुढे गियासशहाच्या पदरी पाचशे हबशी स्त्रिया शस्त्र धारण करून पहाऱ्यास असत, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. हबशी, म्हणजे आफ्रिकेतील लोक, मध्ययुगात भारतात सैनिक, सरदार, खलाशी आणि दास म्हणून येत राहिले, ही गोष्ट इतिहासास मान्य आहे. त्यांच्यासंगे बीही आले असेल काय? याविषयी कागदपत्र बोलत नाहीत. राजाच्या स्वारीचा जमाखर्च लिहिला जातो. कोणा खलाशाच्या झोळीतील फळाचा जमाखर्च कोण लिहिणार? झाडाच्या खोडावरूनही निर्णय होत नाही, कारण गोरखचिंचेच्या पोकळ व सच्छिद्र खोडात वर्षवलये भरवशाची नसतात.

परंतु एक दप्तर असे आहे की जे प्रत्येक झाडाने स्वतःच जपून ठेविले आहे. ते त्याच्या पानापानातील प्रत्येक पेशीत असते. त्याचे नाव डी.एन.ए.

डी.एन.ए. हा पेशीच्या केंद्रात असणारा लांबच लांब, पिळाच्या जिन्यासारखा रेणू. त्याची रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्या कामी मोठा आधार मिळाला. या जिन्याच्या पायऱ्या चार द्रव्यांच्या बनलेल्या असतात: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्यांना आपण चार अक्षरे म्हणू. अ‍ॅडेनिनसमोर नेहमी थायमिन आणि ग्वानिनसमोर नेहमी सायटोसिन, अशी त्यांची जोडी ठरलेली असते. हा जोडीचा नियम वाचकांनी मनात ठेवावा, कारण पुढील सर्व युक्ती त्यावरच उभारलेली आहे. मनुष्याच्या डी.एन.ए.मध्ये अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, आणि कोणत्याही दोन माणसांत सरासरीने हजारात सुमारे एखादेच अक्षर वेगळे असते. परंतु त्या एकातच सारे वैविध्य भरलेले आहे.

पोथ्यांची नक्कल करणाऱ्या लेखकांचे उदाहरण घ्या. एका मूळ पोथीवरून दहा जणांनी नकला केल्या, त्यांवरून आणखी शंभरांनी केल्या. प्रत्येकाच्या हातून कोठे एखादी वेलांटी सुटते, कोठे एखादा शब्द दोनदा पडतो. पुढे त्या चुकाच वारशाने उतरतात. म्हणून ज्या दोन पोथ्यांत तीच ती चूक सापडते, त्या एकाच घराण्यातील, असे संशोधक ओळखतात. जीवसृष्टीतही तसेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या नकला होत असताना डी.एन.ए.मध्ये जे बारीक फरक पडतात, त्यांतील सहज ओळखता येणाऱ्या फरकांस शास्त्रज्ञ खुणा म्हणतात. आणि एखाद्या जातीतील अशा फरकांचा एकंदर साठा म्हणजेच तिचे जनुकीय वैविध्य.

गोरखचिंचेच्या बाबतीत हा शोध ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घेतला. कॅरन बेल, हरिप्रिया रंगन, ख्रिश्चन कुल आणि डॅनिएल मर्फी यांनी आफ्रिका, भारत, मॉरिशसकडील मास्करीन बेटे आणि मलेशिया येथील वृक्षांच्या डी.एन.ए.मधील दहा ठिकाणे तपासली. या ठिकाणी दोनचार अक्षरांचा एक तुकडा जपमाळेतील नामाप्रमाणे पुन्हा पुन्हा येतो. कोणत्या झाडात तो बारा वेळा, तर कोणत्या झाडात पंधरा वेळा. ती आवर्तने मोजून नाती ठरविता येतात. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ते असे. आग्नेय भारतातील, मास्करीन बेटांतील आणि मलेशियातील वृक्षांचे नाते पश्चिम आफ्रिकेशी जुळते. म्हणजे ती झाडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतवाल्यांच्या जहाजांतून आली असावीत. उलट पश्चिम आणि मध्य भारतातील वृक्षांचा गट स्वतंत्र पडतो. वंशवृक्ष मांडून पाहता भारतीय झाडे पूर्व आफ्रिकेच्या मोंबासा ते दारेसलाम या किनाऱ्यावरील झाडांच्या सर्वांत जवळची ठरतात. आफ्रिकेच्या मानाने भारतातील झाडांत वैविध्य कमी आहे. हे अपेक्षितच होय, कारण मूठभर बियांबरोबर साऱ्या जातीचा वारसा येऊ शकत नाही. परंतु त्याचबरोबर भारतीय झाडांत काही खुणा अशाही आढळल्या की ज्या तपासलेल्या आफ्रिकी झाडांत कोठेच नाहीत. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो: एक तर त्यांचे मूळ गाव अद्याप तपासावयाचे राहिले आहे, किंवा ही झाडे येथे इतक्या पूर्वी आली की त्यांच्या वंशात नव्या खुणा उत्पन्न झाल्या. एकूण तात्पर्य असे की गोरखचिंच भारतात एकदाच नव्हे, अनेकदा आली, आणि पूर्वी समजत होते त्याहून अधिक दीर्घ काळ येत राहिली.

आता पुढचा विचार करू. दहा खुणांवरून एवढे समजले. मग एका वेळी शेकडो-हजारो खुणा वाचता आल्या तर किती समजेल? याच विचारातून ठिपक्यांच्या मांडणीचे तंत्र निघाले. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे आंद्रेज किलियन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ‘डायव्हर्सिटी ॲरेज टेक्नॉलॉजी’, संक्षेपाने ‘डार्ट’, ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचा पहिला प्रयोग भातावर झाला.

आपल्या घरच्या भगिनी अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालतात. प्रथम ओळीने ठिपके, मग त्यांवर आकृती. डार्टची रीतही काहीशी अशीच आहे. समजा, आपणांस तुरीचे वैविध्य पाहावयाचे आहे. प्रथम अनेक वाणांच्या पानांतून डी.एन.ए. काढून तो एकत्र करितात. मग त्यावर विशिष्ट विकर सोडतात. हे विकर म्हणजे जणू कात्री. परंतु ही कात्री वाटेल तेथे चालत नाही, अक्षरांचा एक ठराविक क्रम आला की तेथेच कापते. अशा रीतीने झालेल्या तुकड्यांपैकी सोयीचे निवडून, प्रत्येक तुकडा जीवाणूंच्या साहाय्याने वाढवून, यंत्राने काचेच्या पट्टीवर त्याचा एकेक सूक्ष्म ठिपका ठेवितात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तेवढ्याशा पट्टीवर असे हजारो ठिपके मावतात, आणि कोणत्या ठिपक्यात कोणता तुकडा, याची नोंद असते. झाली आपली रांगोळीची मांडणी.

आता तपासावयाच्या एका झाडाचा डी.एन.ए. घ्यावयाचा, त्याच कात्रीने कापावयाचा, त्याच्या तुकड्यांस प्रकाशमान रंग लावावयाचा आणि उष्णतेने दुपदरी धागे सुटे करून ते पट्टीवर ओतावयाचे. जोडीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तुकडा आपला जोडीदार असलेल्या ठिपक्यास जाऊन चिकटतो. उरलेले धुऊन जातात. मग विशिष्ट प्रकाश टाकून छायाचित्र घेतले की काही ठिपके चमकतात, काही अंधारे राहतात. चमकला तर एक, न चमकला तर शून्य. अंधार का राहतो? तर त्या झाडात कात्रीच्या जागेचे एखादे अक्षर बदललेले असते. म्हणून तेथे कापच बसत नाही आणि तो तुकडा तयार होत नाही. दोन झाडांच्या अशा आकृत्या शेजारी शेजारी ठेविल्या की नाते उघड होते. ठिपके जितके अधिक जुळतील तितकी आप्तता अधिक.

या तंत्राचा मोठा गुण असा की त्या पिकाचा समग्र डी.एन.ए. आधी वाचलेला असण्याची गरज नसते. भात-मक्यासारख्या श्रीमंत पिकांवर जगभर पैसा खर्च होतो. तुरीसारखे गरिबाच्या ताटातील पीक मागे राहते. अशा पिकांस डार्टने हात दिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तूर आणि तिच्या रानटी नातलगांच्या सुमारे वीस जातींचे ९६ नमुने तपासण्यात आले. जवळजवळ ७०० खुणा सापडल्या. परंतु त्यांपैकी केवळ ६४ खुणांतच लागवडीखालील तुरीच्या वाणांत आपसांत फरक दिसला! बाकीचे सारे वैविध्य रानटी जातींत होते, किंवा रानटी आणि शेतातील यांच्यामध्ये होते. म्हणजे आपण शेतात निरनिराळ्या नावांनी पेरतो ती तूर आतून जवळजवळ एकाच घरची.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. त्यास आयर्लंडचे उदाहरण सांगावे. तेथील गरीब जनता बटाट्यावर, आणि त्यातही मुख्यतः लंपर नावाच्या एकाच वाणावर, जगत होती. बटाटा डोळ्याने लावतात, बियांनी नव्हे. त्यामुळे सारी रोपे एकमेकांची हुबेहूब नक्कल. १८४५ साली करपा आला. एका रोपास जो रोग मारू शकला, तो सर्वांस मारू शकला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. वैविध्य ही संकटकाळची शिल्लक आहे. सुकाळात तिची आठवण होत नाही. दुष्काळात ती नसेल तर उपाय उरत नाही.

ही गोष्ट माळव्यास परकी नाही. पूर्वी आपल्या काळ्या जमिनी पावसाळ्यात बहुधा पड ठेवीत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि काही दशकांतच धार, देवास, उज्जैनकडील शिवारे पावसाळ्यात हिरवीगार दिसू लागली. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचा ‘जे. एस. ३३५’ हा वाण १९९४ साली आला आणि शेतकऱ्यांस इतका मानवला की कित्येक वर्षे मध्य भारतातील फार मोठे क्षेत्र त्या एकाच वाणाखाली राहिले. त्याने शेतकऱ्यांच्या घरी पैसा आणिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु जेथे क्षितिजापर्यंत एकच वाण असतो, तेथे एकच रोग आणि एकच कीड पुरते, हेही तितकेच खरे.

मग उपाय काय? उपाय असा की जुन्या वाणांत आणि रानटी नातलगांत शिल्लक असलेले गुण शोधून ते शेतात आणणे. आणि येथेच खुणांचे शास्त्र उपयोगी पडते. अमेरिकेत सोयाबीनसाठी पन्नास हजारांहून अधिक खुणांची एक मांडणी तयार झाली आणि तेथील बीजसंग्रहातील एकोणीस हजारांवर नमुने तिने तपासले गेले. त्यावरून कोणते नमुने खरोखर निराळे आणि कोणते केवळ नावाने निराळे, हे कळले. आपल्याकडे इंदूरला १९५१ पासून गव्हाचे संशोधन केंद्र आहे. तेथून माळव्याच्या कठीण गव्हाचे ‘मालवा शक्ती’सारखे वाण निघाले. सोयाबीनची राष्ट्रीय संस्थाही १९८७ पासून इंदुरासच आहे. तुरीच्या रानटी नातलगाचा उपयोग कसा होतो, याचे उत्तम उदाहरण तर आपल्याच प्रांतातील. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने एका रानटी जातीचे पेशीद्रव्य शेतातील तुरीत आणून ‘आयसीपीएच २६७१’ हा संकरित वाण तयार केला, आणि २०१० साली तो मध्यप्रदेशात प्रसृत झाला.

खुणांचे उपयोग थोडक्यात सांगावयाचे तर असे: बीजसंग्रहातील दुबार नमुने ओळखणे, संकरासाठी दूरच्या नात्याचे आईबाप निवडणे, बियाण्याची शुद्धता पारखणे, रोपटे लहान असतानाच त्यात रोगप्रतिकाराचा वारसा उतरला की नाही हे पाहणे, आणि एखाद्या शेतकऱ्याने जपलेला वाण खरोखर स्वतंत्र आहे, हे सिद्ध करणे. २००१ च्या भारतीय कायद्याने शेतकऱ्यांसही आपले वाण नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. त्या कामी अशा पुराव्याचे साहाय्य होते.

मात्र या तंत्राविषयी अवाजवी समजूत करून घेऊ नये. खूण म्हणजे गुण नव्हे. मैलाचा दगड गाव जवळ आल्याचे सांगतो, पण दगड म्हणजे गाव नव्हे; तद्वत् चमकणारा ठिपका एखाद्या गुणाच्या शेजारी असतो, तो स्वतः गुण असतोच असे नाही. गव्हाची पोळी मऊ होते की नाही, हे अखेर तव्यावरच ठरते, आणि तूर पावसाच्या ओढीस टिकते की नाही, हे शेतातच. शिवाय तंत्रही बदलत राहते. काचपट्टीवरील ठिपक्यांचे पुष्कळसे काम आता अक्षरे थेट वाचणारी यंत्रे करू लागली आहेत. २०२४ साली तर गोरखचिंचेच्या आठही जातींचे डी.एन.ए. वाचून, या कुळाचा उगम मादागास्करात झाला असावा, असे संशोधकांनी मांडले. साधने बदलली, तरी प्रश्न तोच राहतो: आपणांजवळ किती प्रकारचा वारसा शिल्लक आहे?

आणि खरी चिंता येथेच आहे. वाचावयाचे यंत्र कितीही चांगले झाले, तरी पोथीच नष्ट झाल्यावर ते काय वाचणार? २०२२ च्या सुमारास धार जिल्ह्यातील काही जुने गोरखचिंचेचे वृक्ष मुळासकट काढून परप्रांतातील उद्यानासाठी नेण्यात येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यास विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या गावकऱ्यांस डी.एन.ए.मधील खुणा ठाऊक नव्हत्या. परंतु आपल्या बांधावरील झाडासारखे दुसरे झाड नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. शास्त्राने २०१५ साली जे सांगितले, तेच त्यांनी आपल्या भाषेत सांगितले.

विद्यार्थ्यांनी या कामी काय करावे? सुटीत आजोळी गेलात की आजी-आजोबांस विचारा, त्यांच्या लहानपणी शेतात कोणता गहू, कोणती ज्वारी, कोणती तूर होती. एखाद्या कणगीत, एखाद्या मडक्यात मूठभर जुने बी अजून असेल, तर ते स्वच्छ बाटलीत ठेवून त्यावर नाव, गाव आणि वर्ष लिहा, आणि पुढल्या हंगामात परसातील एका वाफ्यात पेरा. बी केवळ बाटलीत राहिले तर मरते. पेरले तरच पुढे चालते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, ते झाड बाहेरूनच आले. परंतु ते इतक्या पूर्वी आले, आणि या मातीत असे रुजले, की आज त्याच्या अंगी अशा खुणा आहेत, ज्या त्याच्या आफ्रिकेतील भावंडांत अद्याप सापडलेल्या नाहीत. आपली घराणीही अशीच. पवारांच्या घोडदळामागून कोणी कारकून म्हणून, कोणी पुजारी म्हणून, कोणी शिलेदार म्हणून दक्षिणेतून धार-देवासास आले. आज आपल्या मराठीत माळवीचा हेल आहे आणि आपल्या ताटात पुरणपोळीशेजारी दालबाफले आहेत. पुण्याचे पाहुणे त्यास हसतात, हसोत बापडे. ती आपली खूण आहे, आणि ती दुसरीकडे कोठे सापडावयाची नाही. बाहेरून कोण आले, हे शास्त्र सांगू शकते. येथला कोण, हे मात्र रुजण्यावरून ठरते.